नवे यंत्र न घेता सुधारणा : लीन योजनेचा अर्ज कसा करावा

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या छोट्या कारखान्यात डाय (साचा) बदलताना पाना शोधण्यातच वेळ जात असेल, तर तिथे उणीव यंत्राची नसून मांडणीची असते. मांडणी, कामाची पद्धत आणि मालसाठ्याची शिस्त सुधारता यावी यासाठी केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन)’ योजना नव्या स्वरूपात सुरू केली. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करण्याची कार्यपद्धती. यंत्रखरेदीला तिच्यातून पैसा मिळत नाही. फाइव्ह-एस (जागेची शिस्तबद्ध मांडणी), कायझेन (सतत छोट्या सुधारणा), कानबान (गरजेपुरताच माल पुढे सरकवणे), पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना) यांसारख्या पद्धती कारखान्यात रुजवणाऱ्या सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीतील उद्योजकांच्या मालकीच्या उद्योगांना आणखी ५ टक्के मिळतात.

पात्रतेची मुख्य अट म्हणजे उद्यम नोंदणी (केंद्राच्या उद्यम पोर्टलवरील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी) असलेला उत्पादक उद्योग. अनेक अर्ज अडखळतात ते इथेच, कारण जॉबवर्क (दुसऱ्यांच्या मालावर मजुरीने काम) करणाऱ्या काहींनी नोंदणी करताना ‘सेवा’ हा प्रवर्ग निवडलेला असतो. म्हणून अर्जापूर्वी उद्यम प्रमाणपत्रावरील प्रवर्ग, उत्पादनाचा कोड आणि कारखान्याचा पत्ता तपासून घ्यावा. भोसरीचे युनिट चाकणला हलवले असेल, तर आधी उद्यम नोंदणीत तशी दुरुस्ती करावी. १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक १२५ कोटी आणि उलाढाल ५०० कोटी रुपये अशी वाढल्याने, पूर्वी मर्यादेबाहेर गेलेल्यांनीही आपली स्थिती पुन्हा पाहावी.

उद्यम नोंदणीसाठी आधार व पॅन क्रमांक आणि लागू असल्यास जीएसटी क्रमांक लागतो. कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत. ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, तरी तिच्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ ठिकठिकाणी भेटतात. अडचण आल्यास जिल्हा उद्योग केंद्राकडे जावे.

त्यानंतर लीन पोर्टलवर उद्यम क्रमांकाने नोंदणी करून ‘लीन प्रतिज्ञा’ घ्यायची असते. बेसिक, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत. पहिलीत ऑनलाइन प्रशिक्षण असते. सल्लागाराचे प्रत्यक्ष मार्गदर्शन पुढच्या दोन पायऱ्यांत मिळते. सल्लागार येण्यापूर्वी रिजेक्शन (नाकारला गेलेला माल), यंत्राच्या सेटिंगचा वेळ आणि पडून राहिलेला माल यांच्या नोंदी निदान महिनाभर ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. योजनेत ही अट म्हणून नसली, तरी मूळ आकडेच नसतील तर सुधारणा किती झाली हे ना मालकाला कळते, ना सल्लागाराला.