सूर लागतोय, पण आवाज पहिल्यासारखा येत नाही? मग हे वाचा

नमस्कार मंडळी,

वाद्य दुरुस्तीला आणणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ट्यूनर बरोबर दाखवतोय हो, पण आवाजात मजा नाही राहिली". आणि त्यांचं बरोबरच असतं. ट्यूनर फक्त सूर किती उंच आहे तेवढं बघतो, आवाज गोड आहे की चिरका, भरीव आहे की पोकळ, हे त्याला कळत नाही. संगीताच्या पुस्तकात ज्याला नादाची जात म्हणतात ती ही गोष्ट, जिच्यामुळे डोळे मिटूनही आपण सांगतो की ही बासरी, ही सतार आणि हा आपल्या मावशीचा आवाज. बिघडते बहुतेक वेळा तीच, म्हणून ती येते कुठून हे एकदा नीट सांगावंसं वाटलं.

तार छेडली की ती अख्खी तर हलतेच, पण त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते. समजा मूळ सूर 100 हर्ट्झचा आहे, म्हणजे तार सेकंदाला 100 वेळा हलतेय, तर त्याच्यासोबत 200, 300, 400, 500 असे बारीक सूर आपोआप निघतात. मूळ सूर सा धरला तर 200 म्हणजे वरचा सा, 300 म्हणजे त्याच्या वरचा पंचम आणि 500 म्हणजे गंधार. तानपुऱ्यात कोणी न लावलेला गंधार ऐकू येतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. आता या सोबतच्या सुरांपैकी कोण जोरात आणि कोण दबलेला, यावर आवाजाचा रंग ठरतो.

घरी गिटार असेल तर लगेच करून बघा, मोकळी तार बरोब्बर मधोमध, म्हणजे बाराव्या फ्रेटवर छेडा आणि मग तीच तार ब्रिजला, म्हणजे पोटावरच्या ज्या पट्टीवर तार टेकते तिला, अगदी खेटून छेडा. सूर तोच, पण मधे गोल आणि पोकळ, ब्रिजपाशी धारदार. कारण दोन भागांत, चार भागांत हलताना तारेचा मध्य जागचा हलत नसतो, तिथेच छेडलं तर ते सूर जागेच होत नाहीत. जुन्या तारांचंही असंच, घाम आणि गंज बसला की वरचे बारीक सूर आधी मरतात, तार ट्यून होते पण मंद वाजते, आणि लोक दोष देतात बिचाऱ्या लाकडाला. आधी तारा बदला, मग आमच्याकडे या, हे आम्ही मनापासून सांगतो.

तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या घडणीतून येणारी ती झंकार, हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो, हलणारी तार त्या उतारावर टेकत सुटत राहते आणि त्यामुळे वरचे सूर सतत नव्याने फुटत राहतात. तारेखालचं सूत केसभर पुढेमागे सरकवलं तर आवाज एकदम उघडतो किंवा आंधळा होतो, आणि ती जागा कानानेच शोधावी लागते. सूत सरकवूनही आवाज उघडत नसेल तर समजा की तारेने घोडीवर खाच पाडलीय आणि जवारी नव्याने काढायला झालीय.

तबल्याचं शास्त्र तर फारच सुंदर आहे. साध्या चामड्याच्या ढोलावर निघणारे सूर एकमेकांच्या सरळ पटीत नसतात, पहिला 1 धरला तर पुढचे साधारण 1.59, 2.14 असे वेडेवाकडे येतात, म्हणून त्यातून स्पष्ट सूर ऐकू येत नाही. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, मधे शाईचं, म्हणजे त्या काळ्या गोल थराचं वजन आलं की हेच सूर जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 मधे एका सहकाऱ्यासोबत यावर लेख लिहिला होता. म्हणून शाईचा टवका उडालेला तबला तुम्ही बाजूचे लाकडी गट्टे कितीही ठोका, नीट बोलणार नाही, पुडीच बदलावी लागते.

फुंकून वाजवायच्या वाद्यांत नळीतली हवा हलते. बासरी आणि क्लॅरिनेट लांबीला जवळपास सारखे घेतले तरी क्लॅरिनेट जवळजवळ एक सप्तक खाली बोलतं, कारण रीडच्या, म्हणजे तोंडातल्या पातळ पट्टीच्या बाजूने ती नळी बंद असल्यासारखी वागते, आणि खालच्या सुरांत तिच्यात 1, 3, 5 असे विषम सूरच जोरात असतात, तो लाकडी पोकळ आवाज त्यातून येतो. बासरी थंड खोलीत उतरते आणि फुंकून गरम झाली की चढते, तो बिघाड नाही, गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो इतकंच. हार्मोनियमवाल्यांना एकच हात जोडून विनंती, पितळी सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, घरी खरवडू नका! टोकाला घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे ऐकायला सोपं वाटतं पण गेलेलं पितळ परत येत नाही.

अजून एक गोष्ट, आवाजाची सुरुवात. पियानोचं रेकॉर्डिंग मोबाईलवर उलटं वाजवून बघा, सूर तेच असून ते ऑर्गनसारखं ऐकू येतं. हातोडीचा तो पहिला ठोका आणि नंतरचं विरत जाणं, ओळख त्यातच असते. व्हायोलिनमधे तेच काम बो करतो, राळ लावलेले केस तारेला धरतात, ओढतात, सोडतात, हे सेकंदाला शेकडो वेळा. राळ कमी पडली की धरणं नीट होत नाही आणि आवाज घसरल्यासारखा येतो.

गाणारे पण विचारतात म्हणून गळ्याबद्दल. स्वरतंतू फक्त सूर तयार करतात, रंग देते वरची पोकळी, म्हणजे घसा, तोंड, जीभ, ओठ. एकच सूर धरून आ, ई, ऊ म्हणा, सूर हलला नाही पण आवाज पार बदलला, कारण पोकळीचा आकार बदलला. ऑपेरातले तयार गायक, विशेषतः पुरुष, घसा असा ठेवतात की 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर एकत्र फुलतात, आणि वाद्यवृंदाचा जोर त्याहून बऱ्याच खालच्या सुरांवर असल्याने माईक नसतानाही गळा ऐकू येतो. आणि रेकॉर्डिंगमधे स्वतःचा आवाज पातळ वाटतो म्हणून खट्टू होऊ नका, एरवी आपण तो हाडांमधूनही ऐकतो त्यामुळे जाड वाटतो, बाकीच्यांना तुम्ही पहिल्यापासून रेकॉर्डिंगसारखेच ऐकू येताय.

वाद्य आणताना तुमचाच बो, सतारीची तुमचीच मिझराब (बोटात घालायची नखी), क्लॅरिनेटचं तुमचंच रीड सोबत आणा आणि जमलं तर वाद्य चांगलं होतं तेव्हाचं एखादं रेकॉर्डिंग पण, नाहीतर आमच्या हातात ते वेगळंच वाजेल आणि तुम्हाला खटकणारी नेमकी जागा आम्हाला ऐकूच येणार नाही.