४० जी गेलं कुठे: डेटा सेंटरच्या ऑप्टिकल बाजाराची पार्श्वभूमी

८०० जी, १.६ टी (जी म्हणजे सेकंदाला गिगाबिट, टी म्हणजे टेराबिट), एआय क्लस्टर, लेझरचा तुटवडा अशा बातम्या इतक्या धडाधड येऊन राहिल्या की नवीन वाचणाऱ्याला वाटते हा सगळा धंदा २०२३ मध्येच उगवला. आपल्या नागपुरात अजूनच गंमत आहे. मिहानमधल्या एखाद्या नव्या ऑफिसचं कोटेशन पाहा, सर्व्हरला २५ जी, अपलिंकला (वरच्या स्विचकडच्या जोडणीला) १०० जी, मधलं ४० जी कुठेच नाही, आणि याच शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या किंवा जुन्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये गेलं की ४० जीचे पोर्ट रांगेनं रिकामे दिसतात. हे काहून झालं ते समजलं की आजच्या बाजारातलं निम्मं गणित सुटते. म्हणून ही पार्श्वभूमी, आणि आधीच सांगतो, २००७ ते २०१६ हा काळ मी जरा जास्तच घोळून सांगणार आहे.

त्याच्या मागे फार जायची गरज नाही. इथरनेटचा वेग दर वेळी दहा पटीनं वाढायचा, १० मेगाबिट, १००, मग १ जी, मग २००२ मध्ये १० जी, आणि कोणाला त्यात वाद घालावासा वाटत नव्हता. ऑप्टिकलवाले, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशात बदलून फायबरवर पाठवणारा माल बनवणारे, तेव्हा टेलिकॉमच्या जिवावर जगत होते, २००१ मध्ये तो फुगा फुटला, आणि जमिनीत फायबर पडून अन् लेझरचे कारखाने गिऱ्हाईक शोधून राहिले अशी अवस्था झाली. डेटा सेंटर नावाचं गिऱ्हाईक दारात यायला अजून बराच वेळ होता.

पहिली गडबड २००६-०७ ची. १० जीनंतर १०० जी हे जवळपास ठरलेलं होतं, तेवढ्यात सर्व्हर आणि त्यांच्या चिपा बनवणाऱ्यांनी हात वर केला. त्यांचं म्हणणं, सर्व्हरची भूक साधारण २४ महिन्यांनी दुप्पट होते, नेटवर्कच्या गाभ्याची १८ महिन्यांनी, मग सर्व्हरवाल्यानं १०० जीचे पैसे काहून भरावे, आम्हाला ४० द्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दोन वेग काढले तर बाजार फुटेल, माल कमी खपेल आणि भाव उतरणार नाही. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी जे नेहमी होते तेच झालं, दोन्ही घ्या. जून २०१० मध्ये एकाच मानकात ४० आणि १०० असे दोन वेग मंजूर झाले, इथरनेटमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं.

कागदावर ही तडजोड शहाणपणाची दिसते, पण छोट्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात घोंगडं पडलं ते इथेच असं माझं मत आहे. ४० जीमध्ये नवीन वेग असा काही नव्हताच, १० जीच्या चार लेन (सिग्नलच्या वाटा) बाजूबाजूला बांधलेल्या. पहिलं १०० जीही स्विचच्या बाजूनं १० जीच्या दहा लेनचं, आणि त्याचं सीएफपी मॉड्यूल (पोर्टात बसणारी, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारी डबी) एवढं धिप्पाड की एका कार्डावर मोजकेच बसायचे, किंमतही तशीच. त्यामुळे बँका, कॉलेजं, कारखाने, सगळ्यांना सल्ला एकच मिळाला की १० जीनंतर ४० घ्या, १०० आपल्यासाठी नाही.

मग आली एमपीओ केबल. १० जीपर्यंत आपल्याकडे सगळं एलसी डुप्लेक्स कनेक्टरवर चालत होतं, एक तार जायची, एक यायची, उलटी लागली तर काढून फिरवली. ४० जीच्या मल्टिमोडला (कमी अंतराच्या फायबरला) बारा तारांचं एमपीओ लागते, त्यात चार जाणाऱ्या, चार येणाऱ्या, मधल्या चार नुसत्या बसून. पिना असलेलं टोक आणि नसलेलं टोक, वरून पोलॅरिटी (तारांचा क्रम) ए, बी की सी, यातलं एक जरी चुकलं तरी लिंक वर येत नाही, आणि केबल मुंबईहून मागवलेली असली की चार दिवस गेले. हिंगण्याच्या एमआयडीसीत असा एक रॅक अजून आहे, मागून अ‍ॅक्वा रंगाची जाड केबल उतरलेली, टोकाला चपटं कनेक्टर, त्यावर टोपी, टोपीवर मे महिन्याची धूळ, आणि समोरच्या स्विचचे ४० जी पोर्ट ब्रेकआउट केबल लावून चार-चार १० जीमध्ये फोडलेले. म्हणजे ४० जी म्हणून घेतलं आणि १० जी म्हणून वापरलं. २०१३ च्या सुमारास बायडाय मॉड्यूल आले, २० जीचे दोन रंग एकाच तारेवर समोरासमोर, त्यानं जुनी एलसी केबल वाचली आणि बऱ्याच जणांची लाजही. पण ते एका ठरावीक कंपनीच्या घरचं तंत्र होतं, सगळ्या स्विचमध्ये चालेलच असं नाही.

आता मुख्य भानगड, २०१४. तोपर्यंत चिपच्या आतली एक लेन १० वरून २५ जीवर गेली होती. त्याच वर्षी १२८ लेनची, ३.२ टेराबिटची स्विच चिप जाहीर झाली. गणित सोपं आहे, १२८ लेन गुणिले २५ म्हणजे ३२०० जी. चार-चार लेन जोडल्या तर १०० जीचे ३२ पोर्ट, सुट्या वापरल्या तर २५ जीचे १२८. पण त्याच चिपवर ४० जी चालवायचं तर प्रत्येक पोर्टला चार लेन द्याव्या लागतात आणि प्रत्येक लेन १० वरच धावते, म्हणजे ३२ गुणिले ४०, फक्त १.२८ टेराबिट. पैसे ३.२ चे भरा अन् ६० टक्के कपॅसिटी झोपू द्या. एका माणसाला बर्डीवर न्यायला चार ऑटो लावल्यासारखं. लाख-लाख सर्व्हर लावणाऱ्या क्लाउडवाल्यांना हे परवडणारच नव्हतं, त्यांना एका सर्व्हरला एकच लेन, एकच बारीक केबल आणि २५ जी हवं होतं.

त्यांनी मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे मागणी नेली, आणि २०१४ च्या सुरुवातीला तिथे पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. विरोध करणारे काही वेडे नव्हते. त्यांचं म्हणणं, नुकताच कुठे ४० जीचा माल बाजारात बसून राहिला, लोकांनी केबलिंगवर पैसे टाकले, आता मध्येच २५ आणलं तर ४० घेणारा फसवला गेला असं होईल. (झालंही तसंच.) क्लाउडवाले थांबले नाहीत. जुलै २०१४ मध्ये दोन बड्या क्लाउड कंपन्या, एक चिपवाली आणि दोन नेटवर्क उपकरणवाल्या अशा पाच जणांनी आपला वेगळा गट काढला, स्वतःच २५ आणि ५० जीचं स्पेसिफिकेशन जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात मानकवाल्यांनीही अभ्यासगट मंजूर करून टाकला. दोन वर्षांत, जून २०१६ ला, २५ जीचं अधिकृत मानक आलं.

यात एक गुंता राहून गेला आणि तो अजून फील्डवरच्या पोरांना छळते. गटाचं २५ जी आणि अधिकृत २५ जी हे शंभर टक्के एक नाही. ऑटोनिगोशिएशनमध्ये (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवण्यात) फरक, एफईसीमध्ये (सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करायच्या पद्धतीत) फरक, एका बाजूला आरएस-एफईसी, दुसऱ्या बाजूला जुनं फायरकोड, कुठे काहीच नाही. एका कंपनीचा स्विच, दुसऱ्या कंपनीचं कार्ड, मधात तिसऱ्याची कॉपर केबल, लाइट लागत नाही, आणि रात्री अकराला फोन येते की भाऊ, केबल खराब आली. केबल नव्वद टक्के वेळा चांगली असते. दोन्हीकडे एफईसी सारखं करा, लिंक वर येते.

२५ जी चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, तांत्रिक बाजूनं ते बरोबरच होतं. पण त्या जुलैनंतर बाजाराची चावी बदलली हे कोणी मोकळेपणानं लिहित नाही. आधी समितीत ठरायचं, मग कारखाने बनवायचे, मग गिऱ्हाईक घ्यायचं. २०१४ नंतर मोजकी बडी गिऱ्हाईकं ठरवतात, कारखाने बनवतात आणि समिती मागून शिक्का मारते. १०० जीच्या क्यूएसएफपी२८ मॉड्यूलमध्ये हेच दिसते. अधिकृत मानकात १०० मीटर मल्टिमोड होतं आणि एकदम १० किलोमीटर सिंगल-मोड (लांब पल्ल्याचं फायबर), मधल्या अंतराला स्वस्त काही नव्हतं, आणि मोठ्या डेटा सेंटरला नेमकं तेच मधलं हवं होतं. मग समितीच्या बाहेर, आपसातल्या करारांनी, पीएसएम४ आलं ५०० मीटरसाठी, सीडब्ल्यूडीएम४ आलं २ किलोमीटरसाठी. पुढे एका समाजमाध्यम कंपनीनं तर २०१७ मध्ये सीडब्ल्यूडीएम४ ची आपल्यापुरती सैल आवृत्ती काढली, अंतर ५०० मीटर पुरे आणि मॉड्यूलचं तापमान १५ ते ५५ अंश पुरे, कारण त्यांचे हॉल थंड असतात. अटी सैल झाल्या, जास्त माल पास होऊ लागला आणि भाव खाली आले. नेहमीचं मॉड्यूल ७० अंशांपर्यंत चालते. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत हा पंधरा अंशांचा फरक काय असते हे वेगळं सांगायला नको.

याच काळात ४० जीचा माल रिफर्बिश्डच्या रस्त्यानं बाहेर पडला आणि आपल्यासारख्या शहरांत येऊन बसला. लॅबसाठी झकास आहे, नवीन कामात मात्र कोणी घेऊ नये.

४०० जीचं मानक डिसेंबर २०१७ चं. त्यात सोळा लेनचं एक मल्टिमोड मॉड्यूलही होतं, जे बाजारात कधी दिसलंच नाही, आठ आणि चार लेनवालेच चालले. इथून पुढे पॅम४ आलं, म्हणजे एका ठोक्यात दोन बिट, आणि सिग्नल नाजूक झाल्यामुळे प्रत्येक मॉड्यूलमध्ये डीएसपी (सिग्नल सुधारणारी चिप) बसला. डीएसपी आला म्हणजे उष्णता आली. मॉड्यूलचा साचा कोणता यावर तेव्हा मोठी भांडणं झाली. क्यूएसएफपी-डीडीवाले म्हणत जुनं मॉड्यूलही त्याच खाचेत बसलं पाहिजे, ओएसएफपीवाले म्हणत साचा थोडा रुंद करा अन् हीटसिंक मॉड्यूलवरच द्या, पुढे लागणार आहे. तेव्हा पहिला पक्ष जास्त व्यवहारी वाटत होता. पुढे एआयच्या मशीन आल्या आणि ८०० जीला ओएसएफपीनं मोठं मैदान मारलं, तरी क्यूएसएफपी-डीडी संपलं नाही, दोन्ही चालू आहेत.

२०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला हा बाजार खरं तर मंदीत होता, हे आज कोणाला आठवत नाही. क्लाउडवाल्यांची गोदामं भरलेली, ऑर्डरी कापलेल्या. मग चॅटबॉटची लाट आली आणि काही महिन्यांत चित्र पालटलं. कारण असं, नेहमीच्या सर्व्हरला एक-दोन नेटवर्क पोर्ट पुरतात, पण आठ जीपीयूच्या (एआयचं गणित करणाऱ्या चिपांच्या) डब्यात प्रत्येक जीपीयूला स्वतंत्र ४०० जीचं पोर्ट, आणि वर स्विचचे दोन-तीन थर, प्रत्येक थराला दोन्ही टोकांना मॉड्यूल. म्हणजे एका जीपीयूमागे दोन-तीन मॉड्यूल सहज जातात. १२.८ टेराबिटची चिप २०१७ ची, २५.६ ची २०१९ ची, ५१.२ ची २०२२ ची, १०२.४ ची २०२५ ची, आणि मॉड्यूलवाले तिच्या मागे धावून राहिले. त्यातले सगळ्यात मोठे चीनचे, आणि अमेरिकी आयातशुल्काच्या भीतीनं त्यांनी थायलंडमध्ये कारखाने टाकले.

मार्च २०२४ मध्ये एक घबराटही झाली. ७२ जीपीयूचा एक अख्खा रॅक आला ज्याच्या आत पाच हजारांवर तांब्याच्या केबल, आणि शेअरबाजारात ओरड झाली की ऑप्टिकल संपलं. रॅकच्या आत तांबं, रॅकच्या बाहेर फायबर, एवढीच ती गोष्ट होती. २०० जी लेनला साधं तांबं दोनेक मीटरच्या पुढे रडते.

खरी अडचण विजेची. ५१.२ टेराबिटच्या स्विचला ८०० जीचे ६४ मॉड्यूल, एकाला १५ वॅट धरले तरी हजार वॅटच्या जवळ नुसते मॉड्यूलच खातात, आणि त्यात जवळपास निम्मा वाटा डीएसपीचा. १.६ टीचं मॉड्यूल ३० वॅटच्या घरात जाते. म्हणून एलपीओवाले म्हणतात डीएसपी काढूनच टाका, स्विच चिपच सिग्नल सांभाळेल. सीपीओवाले म्हणतात मॉड्यूलच काढा, ऑप्टिक्स चिपच्या शेजारी एकाच पॅकेजवर बसवा. २०२५ च्या मार्चमध्ये जीपीयूच्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं सीपीओचे स्विच जाहीर केल्यापासून हा वाद तापला आहे. मॉड्यूल बिघडलं तर पोरगा स्टुलावर चढून दोन मिनिटांत बदलते, पॅकेजमधलं ऑप्टिक्स बिघडलं तर पूर्ण स्विच खाली उतरते. त्यावर उपाय म्हणून सगळ्यात जास्त बिघडणारा भाग, लेझर, बाहेर काढता येईल असा ठेवला आहे. मला स्वतःला पुढची काही वर्षं तरी बदलता येणारं मॉड्यूलच टिकेल असं वाटते, पण मी माल बसवणाऱ्यांच्या बाजूचा आहे हे लक्षात घेऊन वाचा.

आपल्याकडचं पाहिलं तर हा सगळा खेळ मुंबई-नवी मुंबईत आहे, समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला निघतात आणि डेटा सेंटर ऐरोली, महापे, रबाळेला. नागपूर देशाच्या मधात, त्यामुळे लांब पल्ल्याचं फायबर इथून जाते, पण मधात असणं आणि मधात थांबणं यात फरक आहे. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, समृद्धीच्या ७०१ किलोमीटरला साडेतीन मिलिसेकंद, जाऊन-येऊन सात. बँकेच्या बॅकअपला हे चालते, एकाच ट्रेनिंगचा क्लस्टर दोन शहरांत वाटायचा असेल तर डोकेदुखी सुरू होते. २०२० मध्ये ज्याचं स्पेसिफिकेशन आलं ते ४०० झेडआर मॉड्यूल थेट स्विचमध्ये बसते आणि अ‍ॅम्प्लिफायर लावलं की १२० किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे इथून वर्ध्याला आरामात, अमरावतीला नाही, तिथे जास्त पल्ल्याचं झेडआर प्लस घ्यावं लागते.

आणि मानकाचं म्हणाल तर २०१४ ची रीत आता नेहमीचीच झाली. ८०० जीचं मानक फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालं तेव्हा ८०० जीचे मॉड्यूल एआय क्लस्टरमध्ये आधीच धडाक्यात लागत होते, आणि १.६ टीचा माल गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला तेव्हा २०० जी लेनच्या मसुद्यावर समितीत चर्चाच सुरू होती.