ऑटोएक्झेकपासून टास्क मॅनेजरपर्यंत : स्टार्टअपच्या यादीचा माग

गोव्यात कुठल्याही लहान हॉटेलच्या काउंटरवरचा संगणक घ्या. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, म्हणून पासपोर्ट स्कॅनरचा प्रोग्रॅम. बुकिंगचा एक, बिलांचा एक, दोन प्रिंटरांचे दोन, अँटिव्हायरस, शिवाय कुणीतरी कधीकाळी टाकलेला आणि आता कुणालाच नको असलेला व्हिडिओ प्लेयर. हे सगळे संगणकाबरोबरच जागे होतात; यांनाच स्टार्टअपचे प्रोग्रॅम म्हणतात. डेस्कटॉप मिनिटभरात दिसतो, पण पहिली क्लिक लागू पडायला आणखी तीन मिनिटे जातात. निदान मात्र आधीच ठरलेले असते : व्हायरस. बहुतेक वेळा ते चुकीचे असते.

वेळ कोण खातो हे शोधण्याची साधने आज विंडोजमध्येच आहेत. पण ती एका जागी नाहीत आणि प्रत्येक साधन वेगळेच काहीतरी मोजते. हे असे का झाले, याचे उत्तर विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात सुरू होते.

एमएस-डॉसमध्ये सुरू होताना काय चालायचे ते दोन साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असे : कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट. पहिलीत ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम), दुसरीत इतर प्रोग्रॅम. कुणीही ती उघडून वाचावी, नको त्या ओळीआधी ‘रेम’ लिहावे, ती ओळ वगळली जाई, काम झाले. १९९३च्या डॉस ६मध्ये तर एफ५ दाबून दोन्ही फाइली टाळता येत, आणि एफ८ दाबल्यास प्रत्येक ओळ चालवू का, असे विचारले जाई. दोषी ओळ शोधायची याहून सरळ सोय नंतर कधीच मिळाली नाही. तेव्हाची तक्रार मात्र वेळेची नव्हती, जागेची होती. एकदा चालून मेमरीत मुक्काम ठोकणारे छोटे प्रोग्रॅम प्रोग्रॅमांसाठीच्या ६४० केबी मेमरीतला वाटा अडवत, आणि मोठा प्रोग्रॅम ‘मेमरी अपुरी’ म्हणून थांबे. लोक सेकंद नव्हे, किलोबाइट मोजत.

विंडोज ३.१ने १९९२मध्ये स्टार्टअप नावाचा गट दिला; त्यात ठेवलेला प्रोग्रॅम आपोआप सुरू होई. त्याच वेळी विन डॉट आयएनआय या फाइलीतल्या ‘लोड’ आणि ‘रन’ या ओळीही चालू राहिल्या. म्हणजे दोन जागा झाल्या. १९९५च्या विंडोज ९५ने रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचे कोठार, रोजच्या वापरात आणली आणि तिच्यात ‘रन’, ‘रनवन्स’, ‘रनसर्व्हिसेस’ अशा खास जागा दिल्या. त्यातही ‘रन’ दोनदा, एक सगळ्या वापरकर्त्यांसाठी आणि एक चालू वापरकर्त्यापुरती. स्टार्ट मेन्यूतले स्टार्टअप फोल्डर होतेच. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लवकरच कळले की फोल्डरमधला शॉर्टकट माणसाला दिसतो आणि तो पुसतो. रजिस्ट्रीतली नोंद दिसत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांची गोष्ट इथेच ठरली. यादी दाखवणारे साधन आले की प्रोग्रॅम नव्या जागी सरकायचे.

विंडोज ९८बरोबर ही यादी दाखवणारे एमएसकॉन्फिग आले. त्यात टिक काढली की नोंद पुसली जात नसे, ‘रन’ला उणे चिन्ह जोडलेल्या शेजारच्या जागी हलवली जाई, म्हणून ती परत आणता येई. विंडोज २०००मध्ये हे साधन नव्हते, २००१च्या एक्सपीत ते परतले. एक्सपीचा काळ म्हणजे घड्याळाशेजारी चिन्हांची रांग लागण्याचा काळ. रियलप्लेयर, क्विकटाइम, जावा, प्रत्येकाचा एकेक मदतनीस ‘रन’मध्ये नोंद करून बसलेला. कामे क्षुल्लक : नवी आवृत्ती आली का पाहणे, चिन्ह दाखवणे.

क्षुल्लक कामांनी इतका वेळ का जाई? कारण हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी म्हणजे ४.२, आणि डोके योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ९. मिळून एका तुकड्याला १३ मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम ७५. एखाद्या प्रोग्रॅमला असे ५०० तुकडे लागले तर तो एकटाच सहा-सात सेकंद डिस्क अडवतो, आणि आठ प्रोग्रॅमांची मिळून मिनिटभराची रांग होते. लॅपटॉपच्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला हे आकडे आणखी महाग पडतात. चोडणच्या धक्क्यावर सकाळी सगळ्यांनाच रायबंदरला जाणाऱ्या पहिल्या फेरीबोटीत चढायचे असते, तसलाच हा प्रकार. गाडीचे इंजिन मोठे असून उपयोग नाही, चढायची वाट एकच. म्हणूनच मेमरी वाढवूनही सुरुवातीची रखड फारशी कमी होत नसे, आणि त्याच जुन्या यंत्रात एसएसडी बसवली की तीच आठ नावे जाणवेनाशी होतात. तिच्यात फिरणारे काहीच नाही. सेकंदाला हजारो तुकडे वाचले जातात.

एक्सपीने यावर उपाय म्हणून प्रीफेच आणले. मागच्या वेळी सुरुवातीला काय काय वाचले याची नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी ते ओळीने वाचायचे. ‘प्रीफेच फोल्डर रिकामे करा, संगणक पळेल’ हा सल्ला अजून फिरतो. तो उलटा आहे : फोल्डर पुसल्यावर पुढची सुरुवात अधिक हळू होते, कारण नोंदच उरत नाही.

एमएसकॉन्फिगच्या यादीबाहेर बरेच काही राहते हे ओळखून मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सने ऑटोरन्स काढले. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्सच विकत घेतली. ऑटोरन्स फुकट आहे आणि आजही सर्वांत खोल जाते : लॉगऑन, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम), ड्रायव्हर, शेड्यूल्ड टास्क, एक्सप्लोररला चिकटलेले तुकडे, सगळे वेगवेगळ्या टॅबमध्ये. ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय आधी चालू करावा. तो न करता ड्रायव्हरच्या टॅबमध्ये टिका काढत सुटलेल्या माणसाचा संगणक दुसऱ्या दिवशी उठत नाही. पिवळ्या रंगातली नोंद बहुधा निरुपद्रवी असते. फाइल गेली, नोंद मागे राहिली.

पण ऑटोरन्स काय चालते ते सांगते, किती वेळ लागला ते सांगत नाही. ती बाजू विंडोज व्हिस्टाने २००७मध्ये भरून काढली, आणि नवल म्हणजे ती अजून फार थोड्यांना माहीत आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’, ‘ऑपरेशनल’ असे जावे. क्रमांक १००च्या नोंदीत पूर्ण सुरुवातीची वेळ मिलिसेकंदांत असते. तपशिलात तिचे दोन भाग दिसतात : डेस्कटॉप येईपर्यंतचा आणि त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा. हॉटेलच्या काउंटरवरची ती तीन मिनिटे या दुसऱ्या भागात सापडतात. नेहमीपेक्षा जास्त रेंगाळलेला प्रोग्रॅम १०१ क्रमांकाखाली, ड्रायव्हर १०२खाली, सर्व्हिस १०३खाली नावानिशी येते. व्हिस्टानेच सर्व्हिसेसना ‘उशिराने आपोआप’ सुरू होण्याचा पर्यायही दिला. प्रिंटर किंवा अपडेटच्या सर्व्हिसला तो बिनधास्त द्यावा.

२०१२च्या विंडोज ८ने स्टार्टअपची यादी टास्क मॅनेजरमध्ये आणली. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबले की झाले. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ या रकान्यातले ‘हाय’ म्हणजे सुरुवातीला १ सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर वापरला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचले-लिहिले. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या आत राहिला तर ‘लो’, मधला तो ‘मीडियम’. हे निकष पाहिले की कळते, ‘हाय’ ही शिवी नव्हे. एसएसडीवर ४ एमबी वाचणे डोळ्याची पापणी लवण्याआधी होते. ‘नॉट मेझर्ड’ म्हणजे तो निर्दोष असेही नाही. मोजणी अजून झालेली नसते. त्याच पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायॉस टाइम’ दिसते, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी यंत्राच्या स्वतःच्या प्रोग्रॅमने (बायॉसने) घेतलेली वेळ. ती १५-२० सेकंद असेल तर विंडोजमध्ये शोधून काही मिळायचे नाही. आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा आणि बायॉसच्या बूट क्रमात नेटवर्क पहिले तर नाही ना ते पाहावे.

विंडोज ८नेच फास्ट स्टार्टअप आणले आणि मोजणीत एक गोंधळ घातला. ‘शटडाउन’ केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलीत साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. म्हणून रोज बंद होणाऱ्या संगणकाचे ‘अप टाइम’, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, नऊ दिवस दिसते. पूर्ण सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ने. आपल्याकडे जूनपासून चवथीपर्यंत याचा वेगळाच प्रत्यय येतो. चालू संगणकाची वीज गेली की ती साठवण झालेलीच नसते. पुढची सुरुवात पूर्ण आणि कधीकधी डिस्कच्या तपासणीसकट होते. पावसाळ्यात संगणक मंदावला अशी तक्रार आली तर स्टार्टअपच्या यादीला हात लावण्याआधी यूपीएसची बॅटरी तपासावी.

लिनक्सने वाट निराळी धरली. २००८मध्ये अर्यान व्हॅन डे व्हेन आणि ऑके कोक यांनी ईई पीसी या लहानग्या लॅपटॉपवर पाच सेकंदांत सुरुवात करून दाखवली. रीत अशी की आधी सेकंद वाटून द्यायचे (कर्नलला म्हणजे गाभ्याला एक, प्राथमिक कामांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन) आणि प्रत्येकाने त्यातच भागवायचे. लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या, २०१०मध्ये आलेल्या सिस्टमडीत ‘सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक सर्व्हिसची वेळ सांगते. नुसती वाट पाहत थांबलेली सर्व्हिसही तिथे वर दिसते, म्हणून सोबत कोण कुणासाठी थांबले ते दाखवणारे ‘क्रिटिकल-चेन’ पाहावे.

आता बंद काय करायचे? अपडेट तपासणारे, व्हिडिओ प्लेयर, प्रिंटरची शाई दाखवणारे, गप्पांचे प्रोग्रॅम खुशाल. छपाई प्रिंटरच्या ड्रायव्हरने होते, शाईच्या खिडकीने नव्हे. मात्र डीटीपीच्या दुकानात किंवा पंचायतीत श्रीलिपी, आयएसएम यांसारखा देवनागरी टंकनाचा प्रोग्रॅम यादीत असेल तर त्याला सोडावे. कळ दाबल्याबरोबर ती पकडून अक्षर बदलायचे तर त्याला आधीपासून मेमरीत बसावेच लागते, डॉसमधल्या त्या मुक्कामी प्रोग्रॅमांसारखे. तो बंद केला की जुन्या फाँटमधली मराठी उमटायची थांबते, आणि दोष कीबोर्डवर जातो. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅमही तसाच. तो बंद असल्याचे नेमके निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी कळते.

एका वेळी दोनच नोंदी बंद कराव्यात, दोनदा रीस्टार्ट करावे आणि दुसऱ्या वेळची १०० क्रमांकाची नोंद आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. बदलानंतरच्या पहिल्या सुरुवातीत इतर कामेही उरकली जात असतात, त्यामुळे तो आकडा धरू नये.