गगनबावड्याचं धुकं: जलरंगात आणि पोस्टर कलरमध्ये

दोन्ही पाण्यात कालवायचे, दोन्हींत डिंक, ब्रशही तेच. त्यामुळं नवखा माणूस पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन येतो आणि ‘जलरंग आणले’ म्हणून सांगतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या संकल्पचित्राला ते खपून जातं. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर, गगनबावड्यातल्या एखाद्या कौलारू शेतघरात मुक्काम टाकला, की पहिल्याच सकाळी खपत नाही.

करूळ घाटाच्या अंगानं धुकं वर चढत असतं. जलरंगात ते रंगवायचं नसतं, सोडायचं असतं. कागदाचा पांढरा हाच आपला पांढरा. कागद ओला करायचा, लांबच्या डोंगराला निळसर करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यायचा आणि खालची कड ओली आहे तोवर पिळलेल्या ब्रशनं रंग टिपून घ्यायचा. डोंगराचा पायथा विरून जातो. हात जड पडला आणि गडद झालं, तर तो पांढरा पुरता परत येत नाही.

पोस्टर कलरचा पांढरा बाटलीतून येतो. रंग दाट असल्यानं खालचं झाकलं जातं. आधी डोंगर पुरा करा, मग वरून धुकं चढवा. चुकलं तर पुन्हा डोंगर. सोय मोठी, पण मला ते धुकं चुन्याचा हात मारल्यासारखं दिसतं. जांभ्याची भिंत आणि उन्हातली कौलं मात्र त्यातच ठसठशीत उतरतात.

वाळतानाही दोघांची तऱ्हा निराळी. जलरंग वाळून फिका पडतो. पोस्टर कलरमध्ये बहुतेकदा फिकी छटा गडद होते आणि गडद छटा फिकी, म्हणून कोपऱ्यावर ठिपका वाळवून बघावा. पण पावसाळी हवेत वाळतंय कुठं? अर्ध्या तासानं कंटाळून मी कागद चुलीपाशी धरला. आभाळ वाळलं, वर राखेचे ठिपके बसले. घरच्या काकू बघून म्हणाल्या, “पाखरं काढलीसा व्हय?”

(अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे पावडर शेडिंगनं, म्हणजे कोरड्या भुकटीनं छटा देऊन, निसर्गचित्रं करायचे. पाण्याची भानगडच नाही! कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात ती बघायला मिळतात.)

आता पिशवीत जलरंगाच्या ट्यूबा असतात, आणि पोस्टर कलरची पांढरी बाटली एकच. कौलांमधून निघणाऱ्या चुलीच्या धुराची रेघ जागा सोडून मला अजून जमलेली नाही.