मागचं दार आतून उघडतं

"राउटरला फायरवॉल आहे ना, मग बाहेरचा माणूस आत शिरतोच कसा?" एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानदारानं मला विचारलं. फायरवॉल म्हणजे नेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर ठेवलेला पहारा. कॉम्प्युटर रखडत होता आणि दुकानाच्या ईमेलवरून गिऱ्हाइकांना त्यानं न लिहिलेले मेल जात होते. तो सारखा राइट क्लिक करून रिफ्रेश दाबत होता. ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: रिफ्रेशनं पडद्यावरची चिन्हं पुन्हा काढली जातात, एवढंच. मेमरी मोकळी होत नाही आणि व्हायरस तर अजिबात जात नाही.

त्याचा प्रश्न मात्र अगदी मुळाला हात घालणारा होता.

बॅकडोर म्हणजे पासवर्ड न देता दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणारा छुपा प्रोग्रॅम. १९९८ साली गाजलेलं 'नेटबस' १२३४५ या पोर्टवर कान देऊन बसायचं. पोर्ट म्हणजे इमारतीच्या पत्त्यातला खोली क्रमांक समजा. बाहेरच्यानं त्या खोलीची कडी वाजवली की दार उघडायचं. पुढे घरोघरी राउटर आले आणि ही युक्ती बंद पडली.

का, ते बघण्यासारखं आहे. तुमचा कॉम्प्युटर, समजा १९२.१६८.१.५, एखादी वेबसाइट मागतो तेव्हा राउटर आपल्या तक्त्यात एक ओळ लिहितो: आतला पत्ता आणि पोर्ट, बाहेरचा पत्ता आणि पोर्ट. उत्तराचं पाकीट आलं की तो ही ओळ शोधतो. सापडली तर पाकीट आत, नाही तर तिथेच टाकून देतो. म्हणजे न मागता आलेल्याला प्रवेश नाही. सोसायटीचा वॉचमन नेमका असाच वागतो, आणि फ्लॅटमधूनच कुणी "पाहुण्याला वर पाठवा" म्हणून कळवलं तर तो काय करणार?

आजचे बॅकडोर हेच करतात. ते कडी वाजण्याची वाट बघत नाहीत, स्वतःच बाहेर फोन लावतात. तोही बहुधा ४४३ या पोर्टवरून, जिथून तुमच्या बँकेची वेबसाइटही उघडते. राउटर इमानदारीनं तक्त्यात ओळ लिहितो. विंडोजची फायरवॉलही बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. मग ठरावीक वेळानं आतून विचारणा होते, "काही काम आहे?" आणि उत्तरात हुकूम येतो: अमुक फाइल पाठव, दाबलेली बटणं नोंदव. विचारणेची वेळ मुद्दाम थोडी मागेपुढे ठेवतात, म्हणजे तिची लय पकडली जात नाही.

२०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून असाच बॅकडोर सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. त्यावर कंपनीची खरी डिजिटल सही होती. आत शिरल्यावर तो सुमारे दोन आठवडे गप्प बसायचा आणि मगच बाहेर संपर्क साधायचा.

दुकानात एवढं काही लागलं नव्हतं. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी टाकताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना होती, ती त्यानं पाळली. चालू जोडण्यांची यादी दाखवणारी नेटस्टॅटची आज्ञा दिल्यावर एक अनोळखी जोडणी चालू दिसली. तिच्यामागच्या प्रोग्रॅमचं नाव 'एसव्हीसीहोस्ट', विंडोजच्याच भागाचं. पण खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टम३२ फोल्डरमध्ये असतो, हा अ‍ॅपडेटा या प्रोग्रॅमांची माहिती साठवायच्या फोल्डरमध्ये होता.

पहिलं काम नेटची वायर काढणं. फोन लागला नाही तर हुकूमही येत नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलायचे आणि सगळीकडून लॉगआउट करायचं; त्याच कॉम्प्युटरवर बदललात तर नवा पासवर्डही चोराच्या हाती पडतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

फाइल नुसती डिलीट करून भागत नाही. आम्ही केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, ती परत हजर. ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये तिला परत आणणारी नोंद होती. डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या 'एक्स्क्लुजन' यादीत तोच फोल्डर होता, म्हणजे इथे तपासू नकोस असं अँटिव्हायरसलाच बजावून ठेवलेलं. विंडोज सुरू होण्याआधी तपासणारा डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन अशा वेळी उपयोगी पडतो. तरीही ज्यानं कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेतला, त्यानं आणखी काय पेरलं असेल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: डिस्क पुसा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाका.

त्याआधी कागदपत्रं बाजूला काढली. प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, अर्ज, आणि 'न्यू फोल्डर' नावाचं एक पिवळं फोल्डर. फाइलच्या नावाचं शेपूट दाखवण्याचा पर्याय चालू केला, तर त्या फोल्डरच्या नावापुढे 'डॉट ईएक्सई' उमटलं, म्हणजे ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चिन्ह लावलेला प्रोग्रॅम होता. ते तेवढं मागे ठेवलं.