नक्षीची कार्डं आणि खेळांचे नंबर

सोलापुरात चादरीवरची नक्षी आधी ग्राफवर उतरते. माझे मामा पूर्व भागातल्या एका कारखान्यात ग्राफ काढायचे. बारीक चौकटींचा लांबलचक कागद, टोक काढलेली लाल पेन्सिल आणि डोक्यावर लोंबणारा बल्ब. एक चौकोन भरला म्हणजे त्या जागी ताण्याचा उभा धागा उचलायचा, कोरा सोडला म्हणजे धागा खालीच ठेवायचा. ग्राफ पुरा झाला की त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं क्रमानं ओवून त्यांची माळ मागावरच्या जॅकार्डला, म्हणजे कार्डांप्रमाणे धागे उचलणाऱ्या जोडणीला, चढवायची. मग माग कुणीही चालवो, मोर तोच उमटणार.

मी कॉलेजात असताना घरी सेकंडहँड कॉम्प्युटर आला. एका संध्याकाळी मी त्यावर 'पॅटर्न' नावाचं कोडं सोडवत बसलो होतो. यात प्रत्येक ओळीच्या कडेला आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आकडे असतात. '3 1 2' असं लिहिलं असेल तर त्या ओळीत आधी सलग तीन चौकोन काळे, मग मध्ये जागा सोडून एक, पुन्हा जागा सोडून दोन. सगळ्या ओळी जमल्या की चित्र पुरं होतं. मामा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. थोडा वेळ बघून म्हणाले, "हे ग्राफच हाय की रे. फक्त उलटं. आम्ही चित्रावरून उचल मोजतो, तू उचलीवरून चित्र काढायलास."

'पॅटर्न' हे कोड्यांच्या एका संग्रहातलं, एका पेटीतलं कोडं. त्या वाक्यानंतर हे कोडं आणि त्याच्या पेटीतली बाकीची कोडी कॉम्प्युटरवर आली कुठून, याचा माग काढायला मी लागलो. माग काढता काढता पुन्हा मागापाशीच येऊन पोचलो.

जॅकार्डची जोडणी फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास केली. नक्षी विणकराच्या डोक्यातून काढून कार्डांवर ठेवायची, ही त्यातली खरी गोष्ट. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हीच कार्डं घेतली. 1890 च्या अमेरिकेतल्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवर केली. पुढे कित्येक वर्षं कॉम्प्युटरला कार्डंच घातली जात. म्हणजे आपल्या चादरीचा माग आणि कॉम्प्युटर हे एकाच घराण्यातले.

खेळांचे संग्रह मात्र यंत्रांच्या आधीपासूनचे आहेत. 1814 साली मुंबईत तिरुवेंकटाचार्य शास्त्रींनी बुद्धिबळातल्या कूटस्थितींचं इंग्रजी पुस्तक छापलं. मूळ संस्कृत ग्रंथ त्यांचाच, 'विलासमणिमंजरी'. पट मांडून दिलेला, डाव अर्ध्यावर आणलेला, आणि 'आता इतक्या खेळ्यांत मात करून दाखवा' अशी अट. आजच्या मोबाइलवरच्या बुद्धिबळ-कोड्यांचा ढाचा याहून फार वेगळा नाही. मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात खेळ नुसता वर्णन केलेला नाही, तर पुन्हा मांडता येईल असा लिहून ठेवला आहे.

कॉम्प्युटरवर पहिले खेळ आले ते यंत्राची अक्कल तपासायला. 1951 साली ब्रिटनच्या एका प्रदर्शनात फेरांती कंपनीनं 'निमरॉड' नावाचं यंत्र मांडलं. ते फक्त 'निम' हा खड्यांचे ढीग कमी करत जाण्याचा खेळ खेळायचं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये ए. एस. डग्लस यांनी एडसॅक या यंत्रावर फुली-गोळा बसवला. पडदा 35 बाय 16 ठिपक्यांचा, आणि चाल सांगायची टेलिफोनची तबकडी फिरवून. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानं तर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला, पण तो चालवेल असं यंत्रच हाताशी नव्हतं. तेव्हा त्यानं स्वतः कागद-पेन्सिल घेऊन एकेक आकडेमोड केली आणि मित्राशी डाव खेळला. यंत्राच्या जागी माणूस बसला, पण नियम सोडले नाहीत.

हे सगळे एकेकटे खेळ होते, पेटी म्हणावी असं काही नव्हतं. ती डेव्हिड आहल यांनी 1973 मध्ये काढली, आणि तीही पुस्तकाच्या रूपात. 101 खेळ, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, ओळीन् ओळ छापलेले. ज्याला खेळायचं त्यानं पुस्तक शेजारी उघडं ठेवून सगळं टाइप करायचं. 1978 मध्ये घरगुती कॉम्प्युटरांसाठी त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. टाइप करताना एखादा स्वल्पविराम राहिला की खेळ बंद पडायचा. तो शोधताना पोरं प्रोग्रॅमिंग शिकली.

आपल्याकडे बहुतेकांची ओळख विंडोजपासूनची. 1990 च्या विंडोज 3.0 सोबत सॉलिटेअर आलं. ते वेस चेरी या इंटर्न पोरानं लिहिलेलं, आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. दोन वर्षांनी विंडोज 3.1 मध्ये लपलेले सुरुंग टाळत चौकोन उघडायचं माइनस्वीपर आलं. नव्या पेठेतल्या ज्या क्लासात मी पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला, तिथं आठवडाभर सरांनी फक्त सॉलिटेअर खेळायला लावलं. बटण दाबून धरायचं, पत्ता ओढायचा, नेमक्या जागी सोडायचा. माझ्या शेजारी बसलेल्या, विड्या वळणाऱ्या घरातल्या बाईंचा हात तीन दिवसांत माझ्यापेक्षा सराईत झाला होता.

विंडोजच्या या पेटीतला जो खेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फ्रीसेल, एकट्यानं खेळायचा पत्त्यांचाच डाव. 1978 मध्ये पॉल अल्फिल यांनी तो प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर बसवला होता. जिम हॉर्न यांनी विंडोजसाठी लिहिताना त्यात एक साधी सोय केली, ती म्हणजे प्रत्येक डावाला नंबर. 1 ते 32,000. पत्ते कसे पडले ते कुठेच साठवलेलं नाही. नंबर दिला की ठरलेल्या रीतीनं पत्ते पिसले जातात आणि जगात कुठेही तोच डाव पडतो. 1990 च्या दशकात इंटरनेटवरच्या लोकांनी हे 32,000 डाव आपसांत वाटून घेऊन एकेक सोडवून पाहिले. शेवटी एकच कुणालाच सुटला नाही, 11,982 नंबरचा. हा सुटतच नाही हे पुढे कॉम्प्युटरनंही दाखवलं.

मामांच्या कारखान्यातही मोर कुठे ठेवलेला नव्हता. ठेवलेली होती ती कार्डांची माळ, तिच्यावर लिहिलेल्या डिझाइन नंबरसकट.

माझी पॅटर्नची पेटी फ्रीसेलनंतरची. केंब्रिजचे प्रोग्रॅमर सायमन टॅथम यांनी ती 2004 मध्ये सुरू केली. दूरच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना त्यांचं पुटी हे सॉफ्टवेअर माहीत असेल. काम करता करता दोन-तीन मिनिटं खेळून बाजूला ठेवता येतील असे छोटे खेळ हवेत, एवढाच त्यांचा हेतू. सुरुवातीला मोजकेच खेळ होते, आज चाळीसच्या आसपास आहेत. वाटेत बाहेरच्या कित्येकांनी आपापली कोडी लिहून त्यात घातली. परवाना असा की कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. सोलापुरात त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं आणि कॅफेत तासाला पैसे मोजावे लागत. ही पेटी इतकी लहान की एका बैठकीत उतरवून पेन ड्राइव्हवर घेता आली, आणि मग ती गल्लीतल्या पाच-सहा घरांत गेली. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही ती चालायची.

या पेटीत कोडी साठवलेली नाहीत, कोडी तयार करणारे कारागीर साठवले आहेत. प्रत्येक खेळासाठी कोडं घडवणारा एक भाग आणि अनेक खेळांत ते सोडवून बघणारा दुसरा भाग असतो. पॅटर्नमध्ये आधी चौकटींत वेडंवाकडं चित्र तयार होतं, त्यावरून आकडे निघतात, मग सोडवणारा भाग एकेक ओळ घेऊन ते आकड्यांवरून पुन्हा उभं राहतं का ते पाहतो. नाही राहिलं तर कोडं टाकून देतो आणि नवं घडवतो. माइनस्वीपरसारख्या 'माइन्स'मध्ये हीच काळजी आहे. विंडोजच्या खेळात शेवटी दोन चौकोन उरायचे आणि डोळे मिटून एक दाबावा लागायचा. इथे पहिली टिचकी मारलीत की पुढचा प्रत्येक चौकोन विचारानं काढता येतो, अंदाजाची वेळ येत नाही. खेळणाऱ्याबद्दलचा हा आदर आहे असं मी मानतो. आणि प्रत्येक कोड्याला नंबर आहेच. तो मित्राला कळवला की त्याच्या पडद्यावर तेच कोडं.

सोडवायची युक्तीही सांगून टाकतो. दहा चौकोनांच्या ओळीला '8' दिलेत. पट्टी डावीकडे टेकवा किंवा उजवीकडे, मधले सहा चौकोन दोन्ही वेळा भरलेलेच राहतात. ते आधी काळे करायचे. मामांनी हे मी न सांगताच ओळखलं होतं.

पॅटर्नचं मूळ जपानमध्ये आहे. 1987 मध्ये नॉन इशिदा यांनी उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे चालू-बंद ठेवून चित्रं उभी केली आणि एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं. त्यातून कागदावरचं कोडं सुचलं. त्याच सुमाराला तेत्सुया निशिओ यांनाही स्वतंत्रपणे तेच सुचलं होतं. 1990 मध्ये ते इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात पोचलं आणि इशिदांच्या नावावरून 'नोनोग्राम' झालं.

सुडोकूची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. ते मुळात जपानी नाही. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुविशारदाचं कोडं 1979 मध्ये तिकडच्या एका मासिकात आलं. जपानच्या निकोली प्रकाशनानं 1984 पासून ते वाढवलं. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना ते टोकियोतल्या पुस्तकाच्या दुकानात दिसलं, आणि त्यांनी सहा वर्षं घालवून सुडोकू घडवणारा प्रोग्रॅम लिहिला. नोव्हेंबर 2004 मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये त्यातलं पहिलं छापून आलं आणि वर्षभरात ते आपल्या वर्तमानपत्रांतही होतं. म्हणजे वेड लागलं ते यंत्र रोज नवं कोडं देऊ लागल्यावर.

विंडोजची पेटी मात्र पुढे हातातून गेली. 2012 मध्ये विंडोज 8 आली तेव्हा हे जुने खेळ तिच्यासोबत नव्हते, ते स्टोअरमधून वेगळे घ्यावे लागू लागले. टॅथम यांची पेटी अजून तशीच मिळते, फोनवरही.

या सगळ्यात आपला पट कुठे आहे? पचिसी इंग्लंडला जाऊन 1896 मध्ये 'लूडो' म्हणून पेटंट झाली आणि 2016 मध्ये लूडो किंगच्या रूपानं आपल्याच फोनवर परत आली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमच्या वाड्यात चार खोल्यांतली चार माणसं ती खेळत होती. पण फरशीवर खडूनं आखलेले पट तिच्यात नाहीत. आणि सोलापूरइतके ते एका जागी क्वचितच सापडतील, कारण इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. मराठी घरातला वाघ-शेळी शेजारच्या तेलुगू घरात 'पुली-मेका' होतो आणि कन्नड घरात 'आडु-हुली'. आमचा चल्लस आठ त्यांचा 'अष्टा चम्मा', कन्नड आजींचा 'चौकाबारा'. पट एकच, पाच बाय पाच. बाहेरच्या फेरीत 16 घरं, आतल्या फेरीत 8, मधलं एक. चार कवड्या, किंवा चिंचोका दगडावर घासून केलेल्या चार फाका. सगळ्या उताण्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या तर आठ, आणि दोन्हींना पुन्हा खेळी.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात कॅमेरॉन ब्राउन यांच्या पुढाकारानं 2018 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून 'लुडी' नावाची पेटी तयार झाली. जगभरचे हजारावर खेळ तिच्यात आहेत, त्यांत पुष्कळ पारंपरिक. प्रत्येक खेळ नियमांच्या लहान लहान तुकड्यांत लिहिलेला. पट कसा, सोंगट्या किती, चाल कशी, जिंकायचं कशानं. तुकडे जोडले की खेळ उभा राहतो. एक तुकडा बदलला की त्याच खेळाची दुसऱ्या गावातली तऱ्हा.

त्या धर्तीवर मी गेल्या उन्हाळ्यात चल्लस आठचे नियम वहीत उतरवायला घेतले. तीन घरं, तीन रकाने. पट, फेरीची दिशा, फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही, हे तिन्हीकडे जुळलं. अडलं ते एका ठिकाणी. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येतं का? आमच्याकडे नाही. कन्नड आजींकडे नाही. तेलुगू घरातल्या आजी म्हणाल्या, लहान पोरं खेळत असली की जाऊ द्यायचं, मोठ्यांना नाही. हे कुठल्या रकान्यात लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिन्हीत लिही की. पोरं काय एकाच घरात असतात व्हय?"

मी लिहिलं. सोंगट्यांच्या संख्येखाली आता एक नवी ओळ आहे, खेळणाऱ्याचं वय.