अ‍ॅपलच्या डेस्कटॉपमधली रिकामी जागा

ऑगस्ट २००६मध्ये मॅक प्रो हा ताकदवान टॉवर (उभ्या खोक्याचा संगणक) आला, तेव्हा अ‍ॅपलचा सर्वांत स्वस्त डेस्कटॉप, म्हणजे मॅक मिनी, ५९९ डॉलरला होता आणि नेहमीच्या जोडणीतला मॅक प्रो २,४९९ डॉलरला. मधे आयमॅक होता, पण तो पडद्यासकटच घ्यावा लागे. मॉनिटर घरात आहे, मिनीपेक्षा दमदार यंत्र हवंय, पण मॅक प्रोमधल्या दोन-दोन झिऑन (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या) प्रोसेसरची गरज नाही, अशा गिऱ्हाइकाला अ‍ॅपलकडे काहीच नव्हतं. चाहत्यांनी या कधीच न निघालेल्या यंत्राचं ‘एक्समॅक’ असं बारसंही करून टाकलं.

यात धंद्याचा हिशेब असणारच. स्वस्त टॉवर आला की आयमॅकचं गिऱ्हाईक तिकडे वळणार. पण मला जास्त रस आहे तो उष्णतेच्या गणितात. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे त्याचा वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वेग थोडा वाढला, तरी उष्णता त्याच्या कितीतरी पट वाढते. मिनी आणि आयमॅक आटोपशीर ठेवायचे, म्हणून त्यात तेव्हा लॅपटॉपच्या कमी तापणाऱ्या चिप होत्या. मॅक प्रोमध्ये ऐसपैस जागा, तिथे सर्व्हरच्या. साध्या डेस्कटॉप चिपला अ‍ॅपलच्या कुठल्याच खोक्यात घर नव्हतं!

२०१३चा नळकांड्यासारखा मॅक प्रो मला या दृष्टीने फार शिकवणारा वाटतो. उंची जेमतेम २५ सेंटीमीटर. आत मधोमध ॲल्युमिनियमचा एकच त्रिकोणी गाभा. त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना एकेक ग्राफिक्स चिप. खालून हवा आत येते, वरचा एकुलता पंखा ती ओढून बाहेर टाकतो. रचना देखणी, पण तिन्ही बाजू सारख्याच तापतील हे त्यात गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात गरज निर्माण झाली ती एकाच मोठ्या, खूप तापणाऱ्या ग्राफिक्स चिपची, आणि तेवढी उष्णता एकाच बाजूने काढायची सोय तिथे नव्हती. २०१७मध्ये अ‍ॅपलच्या क्रेग फेडरिगी यांनी हे जाहीरपणे कबूल केलं. मोठ्या कंपनीने इतक्या स्पष्टपणे बोलणं मला मोलाचं वाटतं.

मधली जागा भरली मार्च २०२२मध्ये, १,९९९ डॉलरच्या मॅक स्टुडिओने. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप तेवढ्याच विजेत जास्त काम करत होत्या, त्यामुळे छोट्या खोक्यात मोठी ताकद मावली. भौतिकशास्त्र मात्र तेच राहिलं: एम१ अल्ट्रा या जास्त ताकदीच्या चिपचा स्टुडिओ एम१ मॅक्स चिपच्या स्टुडिओपेक्षा सुमारे ९०० ग्रॅम जड आहे, कारण त्यातली उष्णता काढायला तांब्याचा मोठा ठोकळा लागतो.

मात्र आता पोकळी दुसरीकडे पडली. या यंत्रांत मेमरी चिपला अगदी खेटून बसवलेली असते. एम१ मॅक्समध्ये ती सेकंदाला ४०० गिगाबाइट माहिती पुरवते, पण नंतर वाढवता येत नाही. २०१९चा इंटेलवाला मॅक प्रो दीड टेराबाइट मेमरी घेई. २०२३चा १९२ गिगाबाइटवर थांबला. त्यात कार्डांसाठी खाचा आहेत, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड चालत नाही, आणि किंमत होती ६,९९९ डॉलर. तीच एम२ अल्ट्रा चिप असलेला स्टुडिओ ३,९९९ला मिळत होता. ध्वनिमुद्रणाची किंवा व्हिडिओची खास कार्डं लावणाऱ्यांना हा मॅक प्रो उपयोगाचा. त्रिमिती ग्राफिक्ससाठी दर दोन-तीन वर्षांनी नवं कार्ड घालणाऱ्याला मात्र अ‍ॅपलने दारच बंद केलं, आणि ही उणीव मला जुन्या एक्समॅकपेक्षा मोठी वाटते.